फाट्यावरची पाटी

"आई, खांबाला नट किती होते?" सुनेने विचारलं.

"मोजत बसले असते तर रणगाडा अंगावरून गेला असता," सासूबाई म्हणाल्या. "चार लिही."

सुनेने चार लिहिलं नाही. मांडीवर लेक दूध पिता पिता झोपली होती, त्यामुळे टायपिंग एकाच हाताने चाललं होतं. ती सैन्याच्या इतिहास विभागात नोकरीला होती आणि आक्रमणाच्या पहिल्या काही आठवड्यांवरचं पुस्तक छपाईला निघालं होतं. बाकीची प्रकरणं झाली होती. दुसऱ्या आठवड्याचं तेवढं अडलं होतं आणि त्या प्रकरणाची नायिका समोर बसून नातीसाठी मोजे विणत होती.

गोष्ट गावाला तोंडपाठ होती. शत्रूने सीमा ओलांडली, दोन्हीकडचे उपग्रहाचे नकाशे बंद पडले आणि रणगाड्यांची एक तुकडी गावाच्या रोखाने निघाली. अख्खं गाव तळघरांत शिरलं. सासूबाई मात्र भर दुपारी पाना घेऊन एकट्या फाट्यावर गेल्या आणि पाटीचा खांब अर्धा फिरवून आल्या. डावा बाण उजवीकडे, उजवा डावीकडे. तुकडी गावात यायची ती दलदलीत गेली, पोटापर्यंत रुतली आणि गावाच्या मदतीला सैन्य येईपर्यंत तिथेच चिखल उपसत बसली. तेव्हापासून त्या पाटीवाल्या काकू. नातीला झोपवतानाही त्या हीच गोष्ट सांगत आणि दर वेळी त्यात एक रणगाडा वाढत असे.

फक्त साक्षीदार नव्हता, आणि ती पाटीही पुढे रस्ता रुंद करताना भंगारात गेली होती. विभागप्रमुखांनी बजावलं होतं, "सासू आहे म्हणून सूट नाही. पुरावा नसेल तर त्यांचं नाव पुस्तकातून काढा."

म्हणून तिने मामांना बोलावून घेतलं. मामा म्हणजे सासूबाईंचे धाकटे भाऊ, रस्ते खात्यातून निवृत्त झालेले. फाट्यावरची ती पाटी त्यांच्याच माणसांनी बसवली होती.

"मामा, तो खांब एकट्या बाईला फिरवता येईल?"

"ताईला ना? ती मला कान धरून गरगर फिरवायची, खांबाचं काय घेऊन बसलीस!" मामा हसले. "पण फिरवून उपयोग काय? ती पाटी मुळातच उलटी बसली होती."

सासूबाईंच्या सुया थांबल्या.

"उलटी म्हणजे?"

"गावाचा बाण दलदलीकडे, दलदलीचा गावाकडे. बसवली त्या दिवसापासून तशीच. कुणी तक्रारच केली नाही. आपल्यातलं कोण पाटी वाचून घरी येतं? मग राहूनच गेलं."

"मला कधी बोलला नाहीस ते," सासूबाई म्हणाल्या.

"तू कधी बोलू दिलंस?"

सून हिशोब मांडत होती, आणि तो काही केल्या सासूबाईंच्या बाजूने लागेना. उलटी पाटी फिरवली तर ती सरळ होणार. सरळ पाटी वाचून रणगाडे थेट गावाच्या चौकात येणार. ते तर दलदलीत गेले. म्हणजे पाटी उलटीच राहिली होती. म्हणजे तिला कुणी हातच लावला नव्हता.

"आई, फिरवण्याआधी तुम्ही पाटी वाचली होती का?"

"चष्मा तळघरात राहिला होता. आणि माझ्याच गावचा रस्ता मी पाटीला विचारायचा?"

"आई..." तिने आवाज शक्य तितका मऊ केला. "तुम्ही खरंच गेला होतात ना?"

मामांना एकाएकी खिडकीबाहेरचं झाड फार आवडू लागलं.

सासूबाईंनी लोकर गुंडाळून ठेवली. उठून सुनेजवळ आल्या आणि बाळाच्या मानेखाली हात घालून तिला अलगद उचललं. "आण इकडे. हात अवघडला असेल तुझा." मग बाळाकडेच बघत म्हणाल्या, "काढ माझं नाव. फक्त खोटं बोलली म्हणून काढू नकोस. वय झालंय, घोळ होतो, असं काहीतरी सांग साहेबांना."

सुनेने त्या नावावर बोट नेलं आणि मागे घेतलं. एक वाट उरली होती. त्या तुकडीचा प्रमुख कैदेतून सुटून आपल्या देशात परतला होता आणि आता म्हणे मोटार चालवायला शिकवण्याचा वर्ग चालवत होता. विभागाचा फोन त्याने कधीच उचलला नव्हता. तिने स्वतःच्या मोबाइलवरून लावला.

"स्पीकर लाव," सासूबाई म्हणाल्या. "काय ऐकायचं ते मीही ऐकते."

फोन उचलला गेला. सुनेने ओळख सांगितली.

"दलदलीबद्दल मी बोलत नसतो," पलीकडचा आवाज म्हणाला. "घरात बायकोसुद्धा तो विषय काढत नाही. आणि शिकाऊ मुलांना कळलं तर वर्ग बंद करावा लागेल."

"एवढं एकच सांगा, साहेब. फाट्यावर पाटी होती?"

"होती."

"तिच्यावर गावाचा बाण दलदलीकडे होता, म्हणून तुम्ही तिकडे वळलात. बरोबर?"

सासूबाईंनी बाळाला छातीशी धरलं आणि डोळे मिटून घेतले.

"नाही हो," तो म्हणाला. "पाटी अगदी बरोबर होती. पुढे तुमच्या लोकांनी आम्हाला पकडून त्याच फाट्यावरून गावात नेलं, तेव्हा मी डोळ्यांनी पाहिली. गावाचा बाण गावाकडेच होता." त्याने मोठा सुस्कारा सोडला. "पण निघतानाच आम्हाला वरून सक्त ताकीद होती, की हे लोक लबाड आहेत, पाट्या फिरवून ठेवतात, तेव्हा पाटी सांगेल त्याच्या बरोबर उलट जायचं."