आमसुलाची बरणी

वैष्णवीने आमसुलाची बरणी उघडली आणि तशीच बंद केली.

गॅसवर अळूचं फदफदं रटरटत होतं. फणसाच्या आठळ्या शिजल्या होत्या, शेंगदाणे मऊ झाले होते, गूळ पडला होता. राहिलं होतं फक्त आंबट. आंबटाशिवाय अळू म्हणजे घशाला खाज, हे तिला कुणी सांगायला नको होतं. परसात मोरीचं पाणी जातं तिथे ते अळू तिनेच लावलं होतं. सकाळी चिरताना हातांना आमसूलही चोळलं होतं. हातांना तेवढं. भांड्यात नाही.

पडवीत तिचे सासरे, भागोजी, रितेशला जागा दाखवत होते. रितेशची पर्यटकांची गाडी होती. मुंबईची माणसं गणपतीपुळ्याला न्यायची आणि वाटेत कुणाच्यातरी घरी जेवायला उतरवायची, असा त्याचा बेत होता. ते घर कुठलं, हे आजच्या जेवणावर ठरणार होतं.

"इथे दोन टेबलं, तिकडे दोन," भागोजी सांगत होते. "आणि चवीचं म्हणशील तर आमच्या सुनेच्या हाताला तोड नाय. आज सोमवार पडला, नायतर बांगड्याचं तिखलं खाऊन बोटं चाटत बसला असतास."

"रोज पंधरा-वीस पानं जमतील ना काका?"

"न जमायला काय झालं? सासू-सून दोघी घरातच तर असतात."

वैष्णवीने मोबाईल पुन्हा पाहिला. दापोलीला शेतीची पदवी घेतली तेव्हा ती कलमं बांधायला शिकली होती. गावाबाहेरच्या एका रोपवाटिकेने तिला कामावर बोलावलं होतं. येणार की नाही, ते आज कळवायचं होतं. नवरा, स्वरूप, बोटीवर. काल व्हिडिओ कॉलवर म्हणाला, "बाबांनी एवढं ठरवलंय, आता नाही कसं म्हणायचं? थोडे दिवस बघ ना." सानवी झाली तेव्हाही तो थोडेच दिवस म्हणाला होता. सानवी आता बालवाडीत जात होती.

नाही म्हणून तिने पाहिलं होतं. भागोजी नुसते हसले होते. "अगो, उन्हात रोपं लावत बसण्यापेक्षा घरच्या सावलीत काय वाईट?"

म्हणून अळू. एकदा घसा खाजला की रितेश या वाटेने गाडी आणणार नाही. खाज घटकाभराची, जिवाला धोका नाही. तरीही तिने मोबाईलवर दोनदा शोधून खात्री केली होती. फारच झालं तर सोलकढी होती, तिच्या आंबटाने घसा शांत होतो. सानवीच्या ताटलीत तिने आधीच वरणभात कालवून ठेवला होता. त्या ताटलीला अळूचा थेंब लागू दिला नव्हता.

आता अडसर एकच होता, आणि तो दारात बसला होता.

मथुराबाई, तिच्या सासूबाई, स्वयंपाकघराच्या दारात पाट टाकून बसत. रोजच. त्यांच्या तळहातावर थेंब पडल्याशिवाय इथला एकही पदार्थ पानात जात नसे. मीठ चिमूटभर जास्त, खोबरं कालचं, सगळं त्यांना जिभेवर कळे. वैष्णवीला साधं कपडे वाळत घालायला जायचं तरी त्या पाटाला वळसा घालावा लागे. "कुठे गो?" हा प्रश्न ठरलेला. स्वतः मथुराबाई मात्र कुठे जात नसत. माहेर केळशीचं. तिथल्या यात्रेच्या गोष्टी त्या सानवीला सांगत, पण त्या यात्रेला गेलेलं वैष्णवीने त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"झालं काय गो?"

"झालं, आई."

"आण बघू."

वैष्णवीने पळी नेली. मथुराबाईंनी तळहात पुढे केला, भुरका मारला. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग त्यांनी घसा खाकरला. पुन्हा खाकरला. डोळ्यांत पाणी आलं.

त्यांनी पातेल्याकडे पाहिलं. मग सानवीच्या ताटलीकडे. पांढरा भात, पिवळं वरण, बाकी काही नाही. तिथे त्यांची नजर बराच वेळ थांबली.

"सानवीला अळू नाय वाढलंस."

वैष्णवीने पळी पातेल्यात ठेवली.

बाहेरून भागोजींची हाक आली. "अगो, पानं घ्या! पाहुण्याला भूक लागली."

गुडघ्यांवर हात टेकत मथुराबाई उठल्या. फडताळाकडे गेल्या. आमसुलाची बरणी काढली. आता पातेल्यात मूठभर पडणार, वैष्णवीला वाटलं. उकळी फुटणार, पाच मिनिटांत सगळं गोड होणार. आणि उद्यापासून टेबलं.

मथुराबाईंनी एकच आमसूल काढलं. ते स्वतःच्या तोंडात टाकलं. बरणीचं झाकण घट्ट फिरवलं आणि ती होती तिथे ठेवली.

मग पाट उचलून त्यांनी भिंतीला लावला. पाट इतके दिवस उंबरठ्याच्या आतल्या बाजूला होता, हे वैष्णवीला तेव्हा दिसलं.

"तुला कुणाला फोन करायचाय ना सकाळपासनं?" आमसूल गालात सरकवत त्या हळूच म्हणाल्या. "परसात जाऊन कर. वाढायला मी जाते."

त्यांनी पदर खोचला, पातेलं उचललं आणि उंबरठा ओलांडला.

"पोटभर जेव हो रितेश, लाजू नकोस," पडवीतून त्यांचा खणखणीत आवाज आला. "आजची भाजी मी केलीय. वैष्णवी नोकरीला लागली, की रोज मीच करणार."