पुढची तारीख

बायकोच्या आजारपणाचे कागद पिशवीत मावेनात, तेव्हा निवृत्त गोदामपालाने ते सगळे संगणकात नीट लावून ठेवायचं ठरवलं. त्यासाठी त्याने चार सॉफ्टवेअरं वापरून पाहिली. एकात रिपोर्टचे फोटो बसेनात, दुसऱ्यात औषध शोधायला जावं तर भलतंच हाती लागे.

"चित्रगुप्तसुद्धा इतका चिकित्सक नसेल," बायको अंथरुणावरून म्हणाली. "मला होकार द्यायला तुम्हाला एक दुपार पुरली होती. इथे महिना लावलात."

"तेव्हा अनुभव नव्हता," तो म्हणाला आणि दोघंही हसली.

अखेर पाचवं पसंत पडलं. पुढच्या तपासणीची तारीख भरल्याशिवाय ते नोंद साठवूनच घेत नसे. आता विसरायची सोयच नाही, म्हणून स्वारी खूश झाली.

आज दवाखान्यात डॉक्टरांनी त्याला एकट्यालाच आत बोलावलं. घरी आल्यावर तो आजची नोंद करायला बसला. वजन भरलं, औषधं भरली. शेवटची चौकट लाल झाली. त्याने पुन्हा बटण दाबलं, ती पुन्हा लाल झाली.

"काय अडलं?"

"पुढची तारीख मागतंय."

"डॉक्टरांनी दिली नाही?"

"विसरले असतील," तो पडद्यावरची नजर न काढता म्हणाला.

तिने उशीवरून मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"ती चौकट रिकामी चालेल असं दुसरं एखादं बघा," ती म्हणाली. "आणि या खेपेला महिना लावू नका."