मायचा अध्याय

चंद्रपूरला हुशार मुलांसाठी एकवीस दिवसांचं शिबिर भरणार होतं आणि सावली तालुक्यातल्या एका गावातून सहावीतल्या एकट्या दर्शनाची निवड झाली होती. तरी ती घरी आलेल्या बोरकुटे सरांना म्हणाली, "मी नाई येत, सर."

"काऊन वं?"

दर्शनाने मांडीवरच्या पोथीकडे पाहिलं. रोज एक अध्याय कानावर पडल्याशिवाय अन्नाला शिवायचं नाही, हा मायचा नेम. आणि मायला तर अक्षरओळख नव्हती.

"मायले कोण वाचून दाखवल? एकवीस दिवस उपाशी राहील ते."

"अवं, रोज आइकून आइकून मले सारी पोथी तोंडपाठ झाली!" माय हसली. "सर, आजचाच अध्याय आइका."

हात जोडून, डोळे मिटून माय ओव्या म्हणू लागली. कुठे अडली नाही, थांबली नाही. सरांचेही हात आपसूक जुळले.

दर्शना उघड्या पानावर बोट फिरवत होती. वाचताना लेकीचा एक शब्द अडखळला तरी देवाची माफी मागणारी माय. ती आज म्हणत होती, त्यातली एकही ओवी पोथीत नव्हती.

तिने हळूच पोथी मिटली.

"सर, कपडे किती जोड आणू?"