कुणालाच न दिसणारी स्क्रीन

"साहेब, तुम्ही नुसत्या खुर्च्या उबवल्यात. वादळाचा इशारा हातात असून आमच्या होड्यांना का कळवला नाहीत?"

रेवदंड्याची फिरोजाचाची सांगत होती, मी अर्ज लिहीत होतो. तिचा नवरा रफिक चार दिवस झाले समुद्रातून परतलेला नाही.

अर्ज ज्या कचेरीला जाणार होता, तिथला इशारे पाठवायचा जुना प्रोग्रॅम मीच नव्या सर्व्हरवर, लिनक्सच्या कंटेनरमध्ये, म्हणजे स्क्रीन-कीबोर्ड नसलेल्या एका बंद कप्प्यात, हलवला होता. स्क्रीन मिळाल्याशिवाय तो सुरूच होईना, म्हणून मी आतल्या आत एक खोटी स्क्रीन चालवून दिली. ती कुणालाच दिसत नाही. प्रोग्रॅम चालला, साहेबांनी पाठ थोपटली, मीही फुगलो.

आज सकाळी पहिल्यांदा त्या स्क्रीनचा फोटो काढून पाहिला. तिच्यावर चार दिवसांपासून एक चौकट उघडी आहे: 'सर्व होड्यांना इशारा पाठवायचा? होय / नाही.'

 

"शेवटी लिही," चाची म्हणाली, "ज्याच्यामुळे हे झालं त्याचं नाव आम्हाला कळवा. आणि खाली लिहिणारा म्हणून तुझं नाव घाल, मुसअब. लिही की! थांबलास का?"