उजवी लेन

धारगळच्या चढावर पुढची पांढरी व्हॅन उजवी लेन सोडायला तयार नव्हती. कृष्णनाथने हॉर्न दिला, दिवे मारले, पुन्हा हॉर्न दिला. व्हॅन आपली खिडक्यांचे पडदे ओढून बैलगाडीसारखी चालली होती. डावी लेन पाइपासाठी खणून नुसती खडी टाकून बुजवलेली. तिथून पुढे काढायचं म्हणजे गाडीचा खुळखुळा. पण सावकाश जाणाऱ्याने डावीकडे व्हावं, एवढं साधं कळू नये माणसाला?

"रस्तो तुझ्या बापाशीचो काय रे?" तो बंद काचेआड बडबडला.

शेजारच्या सीटवर टॉवेलात गुंडाळलेला गंगेचा गडू होता. आनंदीआत्याने काशीहून आणून म्हापशाला भावाच्या देव्हाऱ्यात ठेवलेला. मरताना तोंडात हेच पाणी पडू दे, असं तिने घरात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, तेही हसत हसत, लग्नाचं आमंत्रण द्यावं तसं. लहानपणी ती कृष्णनाथला कीर्तनाला न्यायची. पूर्वरंगातच तो तिच्या मांडीवर झोपून जायचा. आख्यान रंगात आलं की ती हळूच हलवायची, "ऊठ रे बाबू, देव इलो."

आज सकाळी बांबोळीच्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी तिला घरी न्यायला सांगितलं. तिलाही मोप्याच्या आपल्या घरातच डोळे मिटायचे होते. तिचा मुलगा शिवदास भाड्याची गाडी करून तिला घेऊन कधीच निघाला होता. गडू पोचवायचं काम कृष्णनाथकडे आलं, आणि नेमका तो म्हापशाच्या बाजारात अडकला. शिवदासचा फोन लागत नव्हता. एव्हाना ते पोचले असणार. आत्या खाटेवर पडून दाराकडे बघत असणार.

त्याने हॉर्नवर हात दाबला तो उचललाच नाही.

अखेर व्हॅन डावीकडे वळली. खडीत उतरताना दोनदा जोरात आदळली. कृष्णनाथने तिकडे वळूनही बघितलं नाही. "आता कशी अक्कल आली," म्हणत तो सुसाट निघाला.

मोप्याला शिवदासची बायको यशोदा अंगणातच उभी होती.

"आत्या?" त्याने उतरता उतरता विचारलं.

"अजून खंय, भावजी. तुमीच पयले."

त्याच्या जिवात जीव आला. त्याने हातपाय धुतले, गडू उघडून वाटीत पाणी काढलं, त्यात तुळशीचं पान सोडलं. वेळेवर पोचवलंस रे देवा, असं म्हणून वाटी घेऊन तो दारात उभा राहिला.

थोड्या वेळाने पांढरी व्हॅन अंगणात शिरली. तीच. खिडक्यांना तेच पडदे.

शिवदास मागचं दार उघडून उतरला. आईला उतरवून घ्यायची त्याने काही घाई केली नाही.

"पाणी हाडलंस, दादा? धारगळच्या चढावरच गेली रे." तो पायरीवर मटकन बसला. "मी ड्रायव्हराक सांगितलेलं, उजवी लेन सोडू नको, तिका हिसके सोसणत नाय. मागसून कोण तो हॉर्न वाजवून जीव खाय होतो. मी म्हटलं, वाजवंदे. पण आईच आयकना. खडीत उतरलो, एक उसासो टाकलान, आणि संपला सगळा."

कृष्णनाथने वाटी उंबऱ्यावर ठेवली. "काय... काय म्हणाली ती?"

"म्हणाक लागली, तेका वाट दी रे. कोण तरी तेची वाट बघीत आसतला."