कुटुंबप्रमुखाशी नातं

बिरशाकडच्या जंगलातल्या एका गावात शिरगणतीचे गुरुजी आले, ते कोतवालाला सोबत घेऊनच. शेवंताबाई दार अडवून उभी राहिली. तिच्या लेकाबरोबर, तेजरामबरोबर, लांजीहून पळून आलेली पुष्पलता आत धान साठवायच्या ढोलीमागे दडली होती, आणि तिचे भाऊ कुऱ्हाडी घेऊन गावोगाव शोधत फिरत होते. कोतवालाच्या कानावर गेलेलं त्यांच्यापर्यंत पोचायला वेळ लागणार नव्हता. पोरीला आसरा दिला होता तो केवळ लेकाच्या जिवासाठी. शेवंताबाई तिच्याशी अजून एक शब्द बोलली नव्हती.

"घरात माणसं किती?" गुरुजींनी विचारलं.

"दोनच. मी अन् माहा तेजराम."

तेवढ्यात पुष्पलता आपणहून दारात आली. "माहंबी नाव लिहा, गुरुजी. मीबी इथंच राह्यतो."

कोतवालाने बिडी विझवली आणि तिला नीट न्याहाळलं.

"नाव लिहितो," गुरुजी म्हणाले, "पण हिचं नातं काय लिहू, बाई?"

शेवंताबाईने कोतवालाकडे पाहिलं, मग दारात उभ्या पोरीकडे.

"सून लिहा. माही सून व्हय ते. अन् कोतवालदादा, तिच्या भावायले सांगजा, सून न्यायची असन तर सासूले पुसा लागते."