गिरजीचा धडा

"तक्रार कोणी केली ते सांगा. मग मी धडा बंद करते," प्रज्ञा म्हणाली.

मुख्याध्यापक पुंडलिकराव पंख्याकडे बघत राहिले. "नाव नाही सांगता येत, मॅडम. अध्यक्ष साहेबायनं मना केली. तुमी फक्त लिहून द्या, का हा धडा पुन्हा शिकवणार नाही."

"सर, शंभर वर्षांची जुनी कथा आहे. शाळेनंच निवडलेल्या पुस्तकातली. वाईट काय आहे तिच्यात?"

"वाईट काहीच नाही," ते म्हणाले आणि त्यांनी फाइल मिटली.

प्रज्ञा गजभिये सौसरच्या त्या शाळेत नववीला मराठी शिकवायची. कथा होती गिरजीची. दुष्काळात ही बाई पाटलाच्या कोठारातून पायलीभर ज्वारी चोरते. पंच तिला दोषी ठरवतात आणि सारं गाव 'गिरजी चोट्टी, गिरजी चोट्टी' ओरडत तिच्या मागे फिरतं. शेवटी कळतं की ते कोठारच गावाला लुबाडून भरलेलं होतं. खरा चोर कोण, हे कथा सांगत नाही.

पांढुर्ण्याला असताना प्रज्ञाच्या बाबांनी, मोतीरामनी, तिला ही कथा वाचून दाखवली होती. दिवसभर दुसऱ्याच्या संत्राबागेत राबून आलेला तो माणूस शेवटच्या पानाशी थांबला होता आणि ते पान त्यानं पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं होतं. तेव्हापासून ही कथा तिला घरातली वाटायची.

म्हणून तिनं ती जीव ओतून शिकवली. मुलांकडून वाचून घेतली. गिरजीचं बोलणं मोनालीला दिलं, कारण तिचं वाचन वर्गात सगळ्यांत स्वच्छ. बाकीचा वर्ग गाव झाला. आठवडाभरात बाजाराच्या गल्लीतही पोरं ती आरोळी ठोकताना दिसली, तेव्हा प्रज्ञा सायकल थांबवून ऐकत उभी राहिली होती. पुस्तकातली गोष्ट रस्त्यावर आली, आणखी काय पाहिजे मास्तरणीला!

आणि आता ही तक्रार. कोणाची, हे तिला न सांगताही कळत होतं. शाळेचे अध्यक्ष रघुनाथराव. दीडशे एकर जमीन, आज्यापासूनची पाटीलकी. कथेतल्या पाटलाचं कोठार त्यांना बरोबर झोंबलं असणार.

स्टाफरूममध्ये ती आली की बोलणं थांबू लागलं. गणिताचे विनोद सर तेवढे एकदा जवळ आले. "मॅडम, कायले जिद करून राहिल्या? दुसरा धडा घ्या ना. पोट्ट्यायले काय फरक पडते?"

"मला पडतो."

दुसऱ्या दिवसापासून तेही आपला डबा घेऊन पलीकडच्या टेबलावर बसले. प्रज्ञा ग्रंथालयात एकटीच जेवू लागली. संध्याकाळी भाड्याच्या खोलीत बाबांचा फोन यायचा.

"जेवली का वं?"

"हो बाबा."

"शाळा बरी चालून राहिली ना?"

"एकदम मस्त."

फोन ठेवल्यावर गॅस पेटवायचंही मन व्हायचं नाही. सहा वर्षं झाली होती या गावात, पण 'आज असं झालं' असं जिला सांगावं अशी एकही बाई तिच्या ओळखीची नव्हती.

शुक्रवारी ती ठरवूनच वर्गात गेली. फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'गुन्हेगार कोण?'

"पुस्तक काढा. गिरजी. पुन्हा वाचायची आहे. मोनाली, तूच वाच."

मोनाली जरा उशिरानं उठली. गावाची पाळी आली तेव्हा वर्ग असा ओरडला की शेजारच्या वर्गातले सर दारात येऊन डोकावले. पंचांपुढचं गिरजीचं बोलणं वाचताना मोनालीचा आवाज रडवेला झाला. प्रज्ञाच्याही डोळ्यांत पाणी आलं. तिनं पोरीच्या पाठीवर थाप दिली.

"याला म्हणतात वाचन!"

सोमवारी बोलावणं आलं. मुख्याध्यापकांच्या खुर्चीत रघुनाथराव बसले होते. त्यांनी पुंडलिकरावांना बाहेर जायला सांगितलं.

"बसा बाई. तुमाले वाटत असन, का मीच तक्रार केली."

"नाही का?" प्रज्ञा उभीच राहिली.

"मले तर धडा आवडला. आमच्या आज्यानं असंच कोठार भरलं होतं. गावाले माहीत आहे, मले बी माहीत आहे."

प्रज्ञा म्हणाली, "तर मग तक्रार लपवता कशाला? ज्यानं केली त्यानं समोर यावं. माझी नोकरी गेली तरी चालेल. कोणाच्या भीतीनं मी कथेचं तोंड बंद करणार नाही."

म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. त्यानं खिशातून वहीचा घडी केलेला कागद काढला.

"हे तुमाले दाखवाचं नव्हतं. तसा शब्द देल्ला होता मी. पण शुक्रवारी तुमी पुन्हा तोच धडा घेतला, म्हून दाखवतो."

कागदावर नाव नव्हतं. नावाची गरजही नव्हती. ते वळणदार अक्षर प्रज्ञा दर आठवड्याला तपासत होती. मोनालीचं अक्षर.

'माननीय अध्यक्ष साहेब, नववीचा गिरजीचा धडा बंद करावा ही विनंती. माझी आई चोरीच्या केसमध्ये दीड वर्ष जेलात होती. ती दिवाळीत सुटून आली. आता ती बाहेर निघाली की मुले तिच्या मागे गिरजी गिरजी करतात. मॅडम खूप चांगले शिकवतात, त्यांना रागावू नका. माझे नावही सांगू नका, त्यांना वाईट वाटेल. आई मला रोज विचारते की गिरजी कोण आहे. मी सांगितले, आमच्या पुस्तकात एक राणी आहे.'